चाळीस पेट्या

गुरुवार, ९ फेब्रुवारी २०२३. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. मी स्कूटर अंगणातून बाहेर काढली. तारीख आणि वेळ टिपून ठेवण्याची सवय कारखान्यातली. निवृत्तीनंतरही ती सुटलेली नाही. त्या दिवशी वहीत एवढेच लिहिले होते : ‘६.४०. दिंडोरी. चाळीस पेट्या.’ पुढे काही लिहिले नाही. लिहिण्यासारखे पुष्कळ होते, पण ते माझ्या बाजूचे नव्हते. आता हंगाम पुन्हा आला आहे, म्हणून लिहितो.

द्राक्षाचा हंगाम आला हे नाशिकच्या माणसाला सांगावे लागत नाही. सकाळची थंडी ओसरू लागलेली असते, पण स्कूटरवर कान अजून झोंबतात. म्हसरूळ मागे पडले की क्रेट भरलेले टेम्पो समोरून येऊ लागतात. रस्त्यावर सांडलेले मणी चाकाखाली फुटतात, डांबरावर चिकट डाग पडतो, उन्हे वर आली की त्यावर मधमाश्या बसतात. बागांच्या मांडवावर पाखरांसाठी ताणलेल्या पट्ट्या वाऱ्याने फरफरत राहतात. हातगाडीवरून पत्नी अर्धा किलो घेते आणि मिठाच्या पाण्यात चोळून धुते, मण्यावरचे पांढरे पुरते जाईपर्यंत. औषध असते म्हणते. सगळे औषध नसते, एवढे मला आता ठाऊक आहे. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते.

मी सातपूरच्या एका कारखान्यात चौतीस वर्षे तपासणी विभागात होतो. पितळी बुश, म्हणजे यंत्रात बसवायचे पोकळ गोल तुकडे, यायचे, मी मोजायचो. मापात असेल तो पुढे जाई. नसेल त्यावर लाल रंगाचा ठिपका पडे. कामगार मला ‘ठिपकेसाहेब’ म्हणत, समोर नव्हे. निवृत्तीनंतर काही वर्षे एका प्रशिक्षण वर्गात मापन शिकवले. तेव्हापासून ‘सर’ झालो.

त्या हंगामाआधी आमच्या वाचनालयाच्या कार्यवाहांनी एक काम सांगितले. वार्षिक अंकासाठी परिसरातल्या उद्योजकांशी आणि गावकारभाऱ्यांशी बोलायचे. काम आणि महत्त्वाकांक्षा हा विषय. मी होकार दिला आणि तीन प्रश्न ठरवले. कोणते काम करता? कुणाकडून शिकलात? पुढे काय हवे आहे? चौथा प्रश्न नाही, गप्पा नाहीत. काम चालू असताना चहा घ्यायचा नाही, हा कारखान्यातला नियम इथेही ठेवला.

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत रामनाथ नावाचा एकजण स्प्रिंगा बनवतो. पूर्वी तो माझ्या वर्गात होता. तिसऱ्या प्रश्नाला तो म्हणाला, “सर, माझ्या गेटवर बस थांबली पाहिजे. आत्ता दीड किलोमीटर अलीकडे थांबते. बायका उन्हात चालत येतात आणि पहिला अर्धा तास नुसता घाम पुसण्यात जातो.” मी विचारले, एवढेच? “एवढंच कुठे सर, बस थांबवणं म्हणजे दुसरा कारखाना काढण्याइतकं काम आहे.”

नामपूरला एका पुढाऱ्याकडे गेलो होतो. घरापुढे कांद्याच्या चाळी, ओट्यावर माणसांची ये-जा. त्याने तिन्ही प्रश्न शांतपणे ऐकून घेतले आणि अहिराणीत उत्तर दिले. “माले काय जोयजे, सर? चौकना बोर्डवर मनं नाव शे, इतलं बस शे.” मग काम, असे मी विचारले. “काम बी शे. पन ते बोर्डवर मावत नही.” ओट्यावरची माणसे हसली. तोही हसला. मी लिहून घेतले.

यमुनाबाई पेठ रस्त्यावरच्या नाक्यावर भेटल्या. नोव्हेंबर होता. सुरगाण्याकडून आलेल्या बायका सकाळी तिथे उभ्या असतात. बागायतदार मोटारसायकलवर येतात आणि मण्यांच्या विरळणीला, घड औषधात डुबवायला, मिळेल त्या कामाला त्यांना घेऊन जातात. यमुनाबाई मुकादम. अठरा बायकांची टोळी त्यांची. माणसे जमवायची, काम ठरवायचे, सगळ्यांना वेळेवर उभे करायचे. वय पंचेचाळीसच्या आसपास, बांधा लहान, आवाज मोठा. मी वही उघडली आणि महत्त्वाकांक्षा हा शब्द वापरला.

“म्हंजे काय?”

“पुढे काय व्हावे असे वाटते, ते.”

“मंग सरळ इचारा की.” त्या रस्त्याकडे बघत बोलत होत्या; एखादी गाडी थांबली तर चुकायला नको. “ह्या नाक्यावर उभं ऱ्हायाचं नाय. शेतकरी येतो, तोंड बघतो, हात बघतो. मंग म्हनतो, तू ये, तू नको. म्हातारीला नको म्हनतो. ती सकाळधरनं उभी आसती. ते बंद झालं पायजे. हंगामभर एक जागा पायजे. सगळ्यांस्नी.”

हे उत्तर मी शब्दशः उतरवले. घरी येऊन पुन्हा वाचले. माझ्या स्वभावात नसलेली एक गोष्ट मग मी केली : मध्ये पडलो.

दिंडोरी तालुक्यातल्या एका गावात भाऊसाहेबांचे पॅकहाऊस आहे. गावचे सरपंचही तेच. बागेतून आलेली द्राक्षे तिथे टेबलावर निवडतात, खराब मणी कात्रीने काढतात, घड मापाप्रमाणे पेटीत भरतात. मग शीतगृह, मग परदेश. मी त्यांनाही तेच तीन प्रश्न विचारले होते. ते म्हणाले होते, “मशीन मिळतं सर, हात मिळत नाहीत. टेबलावरची टोळी मी दर वर्षी दुसऱ्या जिल्ह्यातून आणतो. पुढे काय हवं विचारता, तर हात हवेत. जवळचे.”

मी यमुनाबाईंचे नाव सांगितले. ते हसले. “त्या बागेतल्या बायका. मांडवाखालचं काम वेगळं, टेबलावरचं वेगळं. माप चुकलं की अख्खी गाडी परत येते.”

“माप मी शिकवतो,” मी म्हणालो.

मग ठरले ते असे. ९ फेब्रुवारीला यमुनाबाईंच्या टोळीने चाळीस पेट्या भरून दाखवायच्या. दुपारी दोनला गाडी लागते. पेट्या पसंत पडल्या तर हंगामभर टेबल त्यांचे. नाही पडल्या तर बाहेरची टोळी सोमवारी येईल.

मण्याचे माप अठरा मिलिमीटर. त्याहून लहान मणी परदेशी पेटीत चालत नाही. मी सिन्नरला गेलो आणि रामनाथकडून पितळी पट्टीच्या कड्या करून घेतल्या. आतला व्यास अठरा. मण्यावर कडी धरायची. मणी पार गेला तर लहान, अडला तर चालेल. यात नजरेचा, मताचा, मूडचा प्रश्न उरत नाही. चौतीस वर्षे माझा यावर विश्वास होता.

रामनाथने कडी उन्हात धरून पाहिली. “द्राक्षाला गेज? सर, काकू घरात बसू देत नाहीत का तुम्हाला?”

वीस कड्या केल्या. दोन मी नाकारल्या. अठरा उरल्या.

तोपर्यंत टोळीला भाऊसाहेबांच्याच गावात काही दिवसांचे काम लागले होते आणि बायका एका बागेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये राहत होत्या. तीन दुपारी मी तिथे जाऊन शिकवले. गळून पडलेले मणी एका घमेल्यात घेतले होते. कडी कशी धरायची, तिरपी का धरायची नाही, शंका आली तर दोनदा का बघायचे. बायका गोल करून बसत. आपसांत त्या कोकणीत, सुरगाण्याकडच्या आदिवासी बोलीत, बोलत. मला ती समजत नाही. जानकीबाई म्हणून सगळ्यांत वयस्क एक बाई होत्या. त्या पदर तोंडाला लावून बसत. मला वाटले, संकोच. दर वेळी कुणीतरी चहा आणी आणि दर वेळी मी नको म्हणे. तिसऱ्या दिवशी यमुनाबाईंनी विचारले, “सर, ही कडी घडावरच्या मन्याला बी लावायची?”

“प्रत्येक मण्याला. डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही.”

त्यांनी हातातली कडी उलटून पाहिली. मग म्हणाल्या, “बरं.”

त्या ‘बरं’चा अर्थ मी तेव्हाच विचारायला हवा होता.

तर ९ फेब्रुवारी. साडेसातला पोहोचलो. बायका आधीच आलेल्या होत्या. पांढऱ्या टोप्या, पांढरे अंगरखे. एकसारख्या दिसत होत्या, ओळखू येईनात. आठ वाजता बागेतून क्रेट आले. पॅकहाऊसमध्ये एक थंड, हिरवट वास असतो, कापलेल्या देठांचा. ट्यूबलाइटच्या उजेडात टेबलावर घड मांडले गेले आणि काम सुरू झाले. कडी, मणी, कडी, मणी. मी टेबलाच्या टोकाशी उभा होतो. वेग कमी होता, पण चूक नव्हती. एकही लहान मणी सुटत नव्हता. मला समाधान वाटत होते, हे नमूद केले पाहिजे.

साडेदहाला भाऊसाहेब आले. सव्वीस पेट्या भरल्या होत्या. त्यांनी वरची पेटी उचलून दिव्याखाली तिरपी केली. नंतर दुसरी. नंतर मधलीच एक.

“हे काय आहे?”

त्यांनी पेटी माझ्यापुढे धरली.

“सर, तुम्ही बघा.”

मी चष्मा पुसून पाहिले. वेलीवर पिकलेल्या मण्यावर एक पांढुरकी झाक असते, मेणासारखी पातळ. तिथले लोक तिला पावडर म्हणतात. या घडांच्या प्रत्येक मण्यावर ती गोल पुसली गेली होती. पितळेची कड जिथे टेकली तिथे एक चकचकीत रेघ, आणि आजूबाजूला बोटांचे ठसे. बुशवर असे काही होत नाही. पितळ पितळेला लागले तरी पितळच राहते.

“पावडर गेली की माल हाताळलेला दिसतो,” भाऊसाहेब म्हणाले. “आणि टिकतही नाही. देठाला धरायचं, मण्याला बोट लावायचं नाही. आमच्याकडे हे शाळेत जायच्या आधी कळतं. ही द्राक्षं आहेत सर, बेअरिंग नाहीत.” मग ते वळले. “यमुनाबाई, तुम्हाला माहीत नव्हतं?”

“आमच्याकडनं झालं, भाऊ. टेबलावर पयल्यांदाच हाय.”

त्या क्षणी मी गप्प राहू शकलो असतो. बाईंनी दार उघडून दिले होते. मी गप्प राहिलो असतो तर नाक्यावरच्या अठरा बायकांना काम येत नाही, एवढेच ठरले असते आणि मी वही मिटून घरी आलो असतो.

“त्यांच्याकडून नाही,” मी म्हणालो. “मी शिकवले. त्यांनी तसे केले. चूक माझी आहे.”

भाऊसाहेबांनी पेटी खाली ठेवली. “मी विचारलं ते वेगळं होतं. माहीत होतं की नव्हतं?”

“पंधरा वरसं बागेत हाय,” यमुनाबाई म्हणाल्या. “माहीत नसंल व्हय?”

“मग बोलला का नाहीत?”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे. “सर सांगत व्हते ना.”

चौतीस वर्षांत मी नाकारलेल्या मालाची गणती नाही. माझ्यामुळे नाकारला गेलेला माल मी त्या दिवशी प्रथम पाहिला. सव्वीस पेट्या, एकावर एक. स्थानिक बाजारात जातील, असे भाऊसाहेब म्हणाले. मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. अकराला दहा कमी होते. “आत अजून क्रेट आहेत. गाडी दोनलाच लागणार. तोवर नव्याने चाळीस झाल्या तर बघतो. नाही तर सोमवार.”

मी टेबलाजवळ गेलो आणि म्हणालो, “कड्या काढा.”

एक रिकामा ट्रे फिरला आणि त्यात कड्या खणखणत पडल्या. जानकीबाईंनी आपली कडी ट्रेवर धरून ठेवली. “बाबा, ही अंगठी म्हनून ठेवू का? म्हाताऱ्यानं उभ्या जल्मात दिली नाय.”

सगळ्या हसल्या. तीन दुपारी पदराआड दाबून ठेवलेले ते हसू होते, हे मला तेव्हा कळले.

“ठेवा,” मी म्हणालो.

“आता नको,” यमुनाबाई खेकसल्या. “आंगठ्या घालून मिरवाया आलीस का? कात्री घे.”

मी बाहेर जाऊन एका उपड्या क्रेटवर बसलो. आतून कात्र्यांचा आवाज येत होता. सकाळी तो ऐकूच आला नव्हता. आता बारीक, एकसारखा, पत्र्यावर पाखरांनी चोची माराव्यात तसा येत होता. काचेतून दिसत होते. देठाला धरून घड उचलला जाई, एकदा फिरवला जाई, दोन-तीन मणी खाली पडत, घड पेटीत बसे. एका घडाला जेवढा वेळ लागतो असे मला वाटत होते, तेवढ्यात दीड-दोन घड जात होते. कुणी मोजत नव्हते, तरी काहीतरी मोजले जात होते. ते कशाने, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

बाराच्या सुमारास यमुनाबाई पाणी प्यायला बाहेर आल्या. पॅकहाऊसच्या माणसाने चहा आणला होता. त्यांनी एक कप माझ्यापुढे धरला. मी घेतला.

“तुम्ही मला सांगायला हवे होते,” मी म्हणालो.

“कवा सांगनार? तुमी एवढ्या लांबून यायचे, चा बी घ्यायचे नाय. चा घेतला आस्ता तर बसले आस्ते. बसले आस्ते तर बोललो आस्तो.” त्यांनी टोपीखाली केस सारले. “आन् तुमी तीनच गोष्टी इचारता. काय करता, कोनाकडनं शिकला, काय पायजे. आमाला काय येतं ते इचारलंच नाय.”

त्या आत गेल्या. मी चहा संपवला. गोड फार होता.

हे मी नंतर पुष्कळ वेळा आठवून पाहिले आहे. कारखान्यात माझ्यापुढे येई ती वस्तू. ती बोलत नसे. मी मोजे आणि सांगे. माणसांपुढे वही घेऊन बसलो तेव्हाही मी तेच करत होतो. त्यांची इच्छा विचारली, लिहून घेतली आणि ती पुरी करायला माझे ज्ञान घेऊन निघालो. त्यांच्याकडे काही ज्ञान असेल, ते माझ्याहून जुने आणि या कामापुरते माझ्याहून अचूक असेल, हे मनात आले नाही. आणि त्यांनी अठरा जणींनी मिळून माझा मान राखला. एका म्हाताऱ्या मास्तराचा मान राखण्यासाठी हंगामभराची जागा पणाला लावली. याला शहाणपण म्हणावे की वेडेपणा, मला ठरवता येत नाही. आपल्याकडे वडीलधाऱ्याला चूक दाखवायची नसते, हे मीही घरात तसेच शिकवत आलो आहे. आता जरा कमी शिकवतो.

दीड वाजून पाच मिनिटांनी चाळिसावी पेटी बंद झाली.

भाऊसाहेब खिशातून व्हर्निअर, म्हणजे मापाची सरकपट्टी, काढून आले. त्यांची पद्धत मी लक्ष देऊन पाहिली. दहा पेट्या निवडल्या. प्रत्येकीतून पाच मणी कात्रीने देठासकट कापून घेतले. मोजले. मोजलेला मणी पेटीत परत गेला नाही. तो त्यांनी तोंडात टाकला. आमच्याही कारखान्यात तोडून तपासायचे काही नमुने असत. तोडलेला तुकडा ग्राहकाला कुणी पाठवत नसे. एवढी साधी गोष्ट मला कड्या करताना सुचली नव्हती.

तेरा-चौदा मणी खाऊन झाल्यावर ते म्हणाले, “यमुनाबाई, जेवण झालं माझं.”

“माप सांगा, भाऊ.”

“थांबा की.”

पन्नास मण्यांत एक लहान निघाला. भाऊसाहेबांनी तो माझ्या हातावर ठेवला. “हा सरांना. ठिपका मारा.” कारखान्यातले माझे नाव त्यांना कुणी सांगितले, हे मी विचारले नाही.

मग त्यांनी पेट्यांवरून नुसती नजर फिरवली, पावडर पाहिली आणि पोरांना गाडी लावायला सांगितली. “सोमवारच्या टोळीला मी नको म्हणून कळवतो,” ते म्हणाले. “टेबल तुमचं.”

यमुनाबाईंनी मागे वळून कोकणीत दोन वाक्ये सांगितली आणि अठराच्या अठरा बायका होत्या तिथे फरशीवर बसल्या. सकाळी आठपासून उभ्या होत्या. जानकीबाईंनी पाय लांब केले. मी लहान मणी तोंडात टाकला. अधिक लिहिण्याची गरज नाही.

यमुनाबाईंचे उत्तर वार्षिक अंकात जसेच्या तसे छापले. त्याखाली कड्यांची हकीकत मी माझ्या नावाने लिहिली. कार्यवाहांना ती लांबली असे वाटले, पण त्यांनी कापली नाही. यंदा यमुनाबाईंची दोन टेबले आहेत, दुसऱ्यावर टोळीतलीच एकजण मुकादम आहे. मी अजून अधूनमधून माणसांशी बोलायला जातो. आधी चहा घेतो. मग विचारतो, तुम्हाला काय येते? उत्तराला वेळ लागतो. वही त्यानंतर उघडतो.

त्या दिवशी निघण्याआधी भाऊसाहेबांनी सगळ्यांना नियम सांगितले. सात म्हणजे सात. टोपीबाहेर केस नको. नखे कापलेली हवीत. नखाने मणी चिरतो. बायका उठून आपापले हात बघू लागल्या. मी स्कूटरकडे वळलो, तर मागून यमुनाबाईंचा आवाज आला.

“उद्या येनार ना?”

“माझे आता काय काम?”

“पेट्या मोजाया. तेवढं जमंल?” त्यांनी माझ्या हातांकडे पाहिले. “पन नखं कापून या. भाऊंनी सगळ्यांस्नी सांगितलंय.”

परतीच्या रस्त्यावर ऊन कलले होते. दिवेलागणीनंतर आमच्या घरात नखे कापत नाहीत. पत्नी चालू देत नाही. म्हणून कुठे थांबलो नाही. घरी पोहोचलो तेव्हा अंगणाच्या भिंतीवर ऊन शिल्लक होते. पायरीवर जुने वर्तमानपत्र पसरले, चष्मा लावला आणि दोन्ही हातांची नखे मुळापर्यंत कापली.